तांब्याचा कान

एका जंगलात एक कोल्हा राहत असे आणि त्याला आकाशात यान सोडण्याचा भारी नाद होता. त्या जंगलातले तळे आटत चालले होते. कोल्ह्याने सभा भरवून सांगितले, "यानात कुणी बसायचे नाही, म्हणजे कुणाचा जीव जायचा नाही. ते एकटेच चंद्राला वळसा घालून परत येईल, आणि जमिनीखाली पाणी कुठे आहे ते वरून हेरून आपल्याला कळवील." सर्वांना पटले. प्राण्यांनी डोंगरातून तांबे खणून आणले. त्याचे यान झाले, आणि यानाचे बोलणे ऐकायला माळावर एक भली मोठी थाळी उभारली. तिला सगळे कान म्हणत. यान उडाले तेव्हा ढोल वाजले आणि कोल्ह्याच्या गळ्यात इतके हार पडले की त्याचे नाकसुद्धा दिसेना. कानापाशी टिटवीला बसवले. तिला हार घालायचे कुणाला सुचले नाही.

टिटवीची पिल्ले तळ्याकाठीच होती, म्हणून ती जीव लावून ऐकत असे. पण दुसरा उन्हाळा आला तरी पाण्याचा निरोप येईना, आणि कोल्ह्याला कुणी नमस्कार करीना. त्याने लगेच मंगळावर नवे यान सोडायचे जाहीर केले. तांबे कमी पडले, तसा तो हत्तीला घेऊन माळावर आला.

"कान मोडू नका, साहेब," टिटवी म्हणाली. "यान अजून बोलते आहे."

"काय बोलते?"

"मी येतो आहे, एवढेच."

"एवढ्यासाठी इतके तांबे अडकवायचे का, बाई?" कोल्हा हसला.

हत्ती खाली बघत म्हणाला, "मला काय, सांगितले ते करायचे." आणि त्याने कान उपटला. मुलांनो, मला कोल्ह्यापेक्षा या हत्तीचा राग जास्त येतो, कारण त्याला सगळे कळत होते.

नवे यान उडाले. पुन्हा ढोल, पुन्हा हार. त्याच सुमारास जुने यान परतले आणि जंगलावर घिरट्या घालत सांगू लागले, "काळ्या टेकडीच्या पायथ्याशी खणा. तिथे भरपूर पाणी आहे." ते पुन्हा पुन्हा हेच सांगत राहिले. पण माळावर ते ऐकायला कानच उरला नव्हता.

तळे आटले. टिटवीची पिल्ले गेली. उरलेले प्राणी जंगल सोडून निघाले आणि थकून काळ्या टेकडीच्या पायथ्याशीच बसले. तिथे कोल्हा दगडावर चढून म्हणाला, "घाबरू नका. पाणी शोधायला आपण तिसरे यान सोडू." सुकलेल्या घशांनी सर्वांनी त्याचा जयजयकार केला. टिटवी तेवढी मान वर करून बघत होती. जुने यान डोक्यावरून चालले होते, आणि ते काहीतरी सांगत असणार, एवढे तिला ठाऊक होते.

तात्पर्य : जे यान सोडणाऱ्याला हार घालतात आणि ऐकणाऱ्याचा कान मोडतात, ते पाण्यावर बसूनही तहानेने मरतात.