खारट कोबी आणि रिकामा टब

कोरियाच्या डोंगराळ मुलखात नुरीगोल नावाचं एक गाव आहे. घरं साठ-सत्तर, चर्च एक, आणि त्या चर्चमध्ये एकोणतीस वर्षं पाळक प्यो राहत होते. गाव त्यांना पाळकबाबा म्हणे. बाबा मोठे पंडित होते असं कोणी म्हटलं नाही. पण त्यांच्या दारातून कोणी रडत परत गेला असंही कोणी म्हटलं नाही. हरवलेलं वासरू, मुलाची न लागणारी नोकरी, सासू-सुनेची धुसफूस, गुडघ्याची कळ, जे कोणी आणेल ते बाबा प्रभूपुढे मांडत. त्यांची ही एक गोष्ट. भाविकांनी हसत ऐकली तरी चालेल. त्या दिवशी बाबाही हसले होते.

नुरीगोलला पहाटे पाचला प्रार्थना असे. शेवटी सगळी मंडळी एकदम "प्रभू! प्रभू! प्रभू!" अशी तीनदा हाक मारी, आणि मग प्रत्येक जण आपलं गाऱ्हाणं मोठ्याने सांगू लागे. चाळीस माणसं एकाच वेळी बोलत. त्या कल्लोळात शेजारच्याचं शेजारच्याला कळत नसे, म्हणूनच माणसं मोकळी होत. बाबांनी टेबलावरची पितळी घंटी वाजवली की सगळे गप्प.

या मंडळीत माएंग दोकबे नावाचा शेतकरी होता. वय चौसष्ट. त्याची बायको ओकबून वसंतात वारली होती. दोकबे अजूनही जेवताना चुकून भाताच्या दोन वाट्या मांडायचा, आणि मग एक उचलून परत ठेवायचा.

थंडी आली तसे किमचीचे दिवस आले. कोबीचे गड्डे मिठाच्या पाण्यात मुरवायचे, मग पानापानाला तिखट मसाला चोळून हिवाळ्यासाठी भरून ठेवायचे, हे काम तिकडे प्रत्येक घरी होतं. गावातल्या बाया मिळून करतात, आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. ज्या घरात बाई नाही त्या घराची पाळीच येत नाही. दोकबेने कोणाला हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार? त्यांच्या घरी बदल्यात पाठवायला त्याच्याकडे कोण होतं?

पण शहरातून मुलीचा, बोरमचा फोन आला. तिला तिसरा महिना लागला होता आणि पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

"बाबा, आईच्या हातचं किमची असेल का हो थोडं?"

ते कधीच संपलं होतं. दोकबे म्हणाला, "आहे की! पाठवतो."

फोन ठेवला आणि तो तडक शेताकडे निघाला.

त्याने शेतातले चाळीस गड्डे आणले. मीठ किती घालायचं हे ओकबून अंड्यावरून ठरवायची, एवढं त्याला आठवत होतं. पाण्यात अंडं सोडायचं. ते वर येऊन तरंगलं की मीठ पुरे. दोकबेने कोंबडीखालचं ताजं अंडं घेतलं, पाण्यात खडे मीठ ओतलं, अंडं सोडलं. अंडं तळाशी. आणखी मीठ ओतलं. अंडं तळाशी. त्याने पोतं रिकामं केलं तेव्हा कुठे अंडं डोकं वर काढू लागलं. ओकबून काठीने पाणी ढवळायची, हे मात्र तो विसरला होता. सगळं मीठ तळाशी बसून होतं. रात्रभरात ते विरघळलं, आणि सकाळी त्याने एक पान तोंडात घातलं तर जीभच आखडली. तीन वेळा धुतलं. तरी समुद्र तो समुद्रच!

दोकबे सरळ चर्चमध्ये गेला. बाबा पायरीवर बसून चपलेला टाका घालत होते. शेजारी वडील क्वाक उभे होते. वडील म्हणजे मंडळीचे कारभारी, पाळकांच्या खालोखाल त्यांचा मान. त्यांची प्रार्थनाही तशीच भारदस्त असे. देश, जग आणि सगळे खंड फिरून आल्याशिवाय ते आमेन म्हणत नसत.

दोकबेने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "बाबा, प्रभूला सांगा, त्यातलं मीठ काढून घे म्हणावं."

क्वाक खो-खो हसले. "अरे दोकबे, ज्याने समुद्र दुभंगवला त्याला तू कोबी धुवायला बसवतोस? जगात लढाया चालल्यात, आणि याला लोणच्याची पडलीय!"

"वडीलसाहेब, लढाईतलं मला कळत नाही. पोरगी उपाशी आहे, एवढं कळतं."

"मग एक गड्डा नीट मुरवायला काय लागतं? मीठ लावायचं, ठेवायचं. बायका उगाच बाऊ करतात."

बाबांनी दोरा दाताने तोडला. ते म्हणाले, "दोकबे, मीठ जाईल. तू असं कर, गावातला सगळ्यात मोठा टब माग आणि अंगणात मांडून ठेव. रिकामाच ठेव हं."

"रिकामा? कशासाठी बाबा?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही," बाबा म्हणाले. "पण मांड."

दोकबेने मांडला. न्हाणीघराएवढा लाल रबरी टब! दुपारपर्यंत क्वाकनी ही गोष्ट दुकानाच्या बाकावर बसून गावभर केली. जाणारा-येणारा कुंपणावरून डोकावू लागला. "काय दोकबेदादा, भरला का टब? देवदूत किती वाजता येणार धुवायला?" दोकबे मान खाली घालून कुंपणाची बाजू झाडत राहिला. तो संध्याकाळपर्यंत तीच बाजू झाडत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी मंडळीला सांगितलं, "आज आपण दोकबेच्या मिठासाठी प्रार्थना करू. ज्याचं जे अडलं असेल तेही सांगा. लाज धरू नका. प्रभूला लहान कामं कमीपणाची वाटत नाहीत. त्याने स्वतः किनाऱ्यावर मासे भाजून शिष्यांना वाढले आहेत."

क्वाकनी नाक मुरडलं.

"प्रभू! प्रभू! प्रभू!" हाक झाली आणि कल्लोळ उठला. कोणी छातीवर हात मारत होतं, कोणी डुलत होतं. दोकबे एवढंच म्हणत होता, "मीठ काढ रे देवा, मीठ काढ."

आणि मग ते घडलं. घंटी वाजली नव्हती. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. पण बोलता बोलता एक सोडून सगळ्यांनी एकाच क्षणी श्वास घ्यायला तोंड मिटलं! चर्चमध्ये एकदम शांतता. त्या शांततेत एकच आवाज चालू राहिला, खणखणीत, डोळे मिटून बोलणाऱ्याचा.

"—तेरा दिवस झाले प्रभू! बायको बहिणीकडे गेली ती येत नाही. मी नुसतं म्हटलं होतं की किमचीत काय कठीण आहे, तर म्हणाली, करून दाखवा. गावाला सांगितलं की ती डोंगरावर उपास करायला गेलीय. तेवढं खोटं पोटात घाल. शंभर गड्डे अंगणात पडलेत, काठीसारखे ताठ! मीठ लागतच नाही! अंडं तर लगेच तरंगलं होतं प्रभू, दोन मुठी मिठातच तरंगलं! मग मी काय—"

इथे क्वाकना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी एक डोळा उघडला. सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहत होती.

"आमेन," बाबा हळूच म्हणाले.

गावातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणजे गापसुन आजी. तिने तर क्वाकना लंगोटात पाहिलेलं. ती मागून म्हणाली, "क्वाक, अंडं कुठलं घेतलंस रे?"

"फ्रिजमधलं, आजी. मागच्या कप्प्यातलं."

"कधीचं?"

"सणाच्या वेळचं असेल."

"अरे मेल्या! दोन महिन्यांचं? शिळं अंडं साध्या पाण्यातही तरंगतं!"

मग जो हशा उठला, त्याने खिडकीच्या काचा थरथरल्या. बाबांनी डोळे पुसले. "वडील क्वाक," ते म्हणाले, "माणसाचंही तसंच असतं हो. जो मिठाशिवायच वर येतो, त्याला आधी हुंगून बघावं." आणि मग वळून म्हणाले, "दोकबे, टब रिकामाच आहे ना?"

"रिकामाच आहे बाबा!" म्हणत दोकबे उठून उभाच राहिला.

उजाडताच वडील क्वाक हातगाडीवर शंभर ताठ गड्डे लादून भर गावातून दोकबेच्या अंगणात आले. गापसुन आजीने टबात एक थर खारट कोबीचा लावला, एक थर क्वाकच्या कोबीचा, वरून पाणी. एवढा मोठा टब गावात दुसरा नव्हता, तोही काठोकाठ भरला. दुपारपर्यंत खारटाचं मीठ अळणीत गेलं. आजीने दोन्हींचं एकेक पान वाकवलं, मोडलं नाही. चाखलं, आणि म्हणाली, "नेमकं!"

तोवर अंगणात बाया जमल्या होत्या. कोणी मुळा किसत होती, कोणी लसूण ठेचत होती. दोकबे ओशाळून म्हणाला, "आजी, माझ्या घराची तर पाळी नव्हती."

"कोणी सांगितलं? तुझी ओकबून तीस वर्षं आमच्या घरी राबली. तिची पाळी अजून आहे, मरणाने संपत नसते ती. आता रडू नकोस, मसाल्यात पाणी पडेल. ती एक नासपती किसून घालायची आणि मूठभर सुक्या माशाचा भुगा. आण जा."

तिखट कोणी चोळायचं, हा प्रश्नच आला नाही. दुपारच्या बसने क्वाकबाई उतरल्या होत्या. आजीनेच फोन करून सगळी प्रार्थना शब्दन् शब्द ऐकवली होती. त्यांनी नवऱ्याच्या हातात लाल हातमोजे दिले आणि म्हणाल्या, "चोळा. कठीण काहीच नाही." क्वाक मुकाट्याने दिवस मावळेपर्यंत चोळत बसले.

पहिला डबा चारच्या बसने शहरात गेला होता. रात्रीच्या जेवणाला बोरमचा फोन आला.

"बाबा, दीड वाटी भात खाल्ला! पोटात राहिला! हे आईचंच आहे ना हो?"

"तिचंच आहे," दोकबे म्हणाला. आणि यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या पहाटे हाक झाली, कल्लोळ उठायचा होता, तेवढ्यात वडील क्वाक पुढे आले. हात अजून तिखटाने चुरचुरत होते, म्हणून त्यांनी ते अंगापासून दूर धरले होते. ते बाबांच्या पायाशी वाकू लागले, तसे बाबांनी त्यांचे खांदे धरून त्यांना दोकबेकडे वळवलं. क्वाक गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले. चांगलंच लागलं, मागच्या रांगेला आवाज आला.

"प्रभू," ते तिथूनच म्हणाले, "देशांचं उद्या सांगेन. आज दोकबेच्या लेकीला दोन घास जाऊ देत."