रांगती राजकन्या आणि ओवाळून टाकलेले मोती

एका राज्यात राजे होते, पण त्यांचे पाय जमिनीला ठाऊक नव्हते. सात पिढ्या असेच चालले होते; खरे तर कुणी चालतच नव्हते. राजाचे मूल जन्मले की पाळण्यात जाई, पाळण्यातून डोलीत, डोलीतून सिंहासनावर. आताचा राजा पृथुसेन मनाचा भला आणि दंडांचा बळकट, पण पाय म्हणाल तर बोरूच्या काड्या. त्यांवर तो सदा जरीची शाल पांघरून बसे.

कारण होते एक शाप. सात पिढ्यांमागे एक चेटकीण दाद मागायला दरबारात आली. तिचे तान्हे कडेवरून उतरले आणि रांगत रांगत थेट सिंहासनापाशी गेले. तेव्हाचा राजा म्हणाला, "हा किडा माझ्या फरशीवरून उचला."

चेटकीण रडली नाही, भेकली नाही. तिने मूल उचलले आणि म्हणाली, "राजा, तुझ्या वंशाचे मूल या फरशीवर रांगेल, तर महाद्वाराचा उंबरा ओलांडण्याआधी आग, पाणी किंवा मोती त्याचा घास घेईल." ती आणखीही काही बोलली होती, पण ते दरबारच्या बखरीत उतरले नाही. का उतरले नाही, ते पुढे कळेल.

आता आग आणि पाणी कुणालाही समजते. मोत्यांचे काय? तर त्या वाड्याची एक रीत होती. राजाची डोली बाहेरून आली की मूठभर मोती राजावरून ओवाळायचे आणि फेकून द्यायचे. ओवाळून टाकलेले कुणी उचलायचे नाही, कारण त्यात राजाची इडापिडा असते. मोती घरंगळत खांबांच्या बुडाशी जात, फरशीच्या फटींत बसत. दासींची केरसुणीसुद्धा त्यांना वळसा घालून जाई. सात पिढ्यांचे मोती असे पडून होते आणि शाप त्यांत मुरत होता. खाली बघायची त्या वाड्यात कुणाला सवयच नव्हती.

राणी कुंदावती मात्र कुंभाराची लेक. चिखलात रांगली, चिखलातच वाढली. तिची कन्या इंदुलेखा आठ महिन्यांची झाली, आणि एके सकाळी पाळण्याच्या कडेवरून गादीवर आली, गादीवरून खाली घसरली, आणि दोन्ही गुडघे फरशीला टेकवून हसली.

त्याच क्षणी मुदपाकखान्यातली चूल हातभर भडकली. चौकातल्या पुष्करणीचे पाणी एक पायरी वर चढले. कोपऱ्याकोपऱ्यांतून मोती टकटक करत बाळाकडे निघाले. राणीने झडप घालून लेक उचलली.

राजगुरू भूरिदत्त रेशमी दोर घेऊनच आला. "राणीसाहेब, बाळाला पाळण्यात बांधा. सात पिढ्यांची रीत आहे."

"बांधणार नाही."

"मग बाळ वाचणार नाही."

"खोट घरात, आणि बेड्या माझ्या लेकीला? मी घर दुरुस्त करीन. तीन दिवस द्या."

राजगुरूने राजाकडे पाहिले. राजाने आपल्या शालीकडे पाहिले. फार वेळ पाहिले. मग म्हणाला, "तीन दिवस दिले. चौथ्या दिवशी काही कमी राहिले, तर दोर."

राणीने लेकीला झोळीत घालून पाठीशी बांधले आणि पदर खोचला.

पहिल्या दिवशी ती चुलीपुढे उभी राहिली. चूल म्हणाली, "मी अग्नी आहे. मला कोण अडवतो?"

"अडवत नाही. तुझी जागा आखून देते."

राणीने माहेरून माती आणवली, पायांनी तुडवली आणि चुलीभोवती कमरेइतकी भिंत घातली. तीत एक कवाड ठेवले, त्याची कडी मोठ्या माणसाच्या हाताला लागेल इतकी उंच. चूल खवळली. तिने एकदा जीभ लांबवली, भिंत वाळली. दुसऱ्यांदा लांबवली, भिंत तापली. तिसऱ्यांदा लांबवली, तेव्हा भिंत भाजून मडक्यासारखी टणक झाली होती. चुलीने आपले कुंपण आपल्याच हाताने पक्के केले, आणि मग गुमान भात शिजवू लागली.

दुसऱ्या दिवशी राणी पुष्करणीवर गेली. पाणी तोवर पाच पायऱ्या चढले होते. राणीने वरच्या पायरीवर वेळूची ताटी उभी केली. पाणी हसले. "राणी, यातून मी आरपार जाईन."

"जा की. माझी लेक जाणार नाही."

"आणि मीच तिच्याकडे आले तर?"

"तुला वर यायची एवढी हौस आहे, तर वाट देते." राणीने कुदळ घेतली आणि पायरीच्या कडेने परसापर्यंत पाट खणला. सातवी पायरी चढून पाणी ऐटीत वर आले, ते पाटात पडले आणि निमूट अळूच्या वाफ्यात गेले. त्या वर्षी वाड्यात अळूचे फतफते इतके झाले की राजगुरूलाही कंटाळा आला.

तिसऱ्या दिवशी राणी दरबारात आली आणि सगळ्यांदेखत हातागुडघ्यांवर ओणवी झाली.

"राणी रांगते!" दासींनी तोंडाला पदर लावले.

"ओवाळून टाकलेले उचलते!" राजगुरूने डोळे मिटले.

राणी म्हणाली, "तुमची नजर कळसाला लागलेली. हिची नजर इथे, वीतभर उंचीवर. इथून तुमचा वाडा कसा दिसतो, ते एकदा येऊन पाहा."

कुणी आले नाही. राणीने एकटीने फटी उकरल्या, पडद्यांच्या झालरी झटकल्या, खांबांची बुडे चाचपली. मोती तळहाताला निखाऱ्यासारखे भाजत होते. ती फुंकर घाली आणि पुढचा उचली. एक रांजण भरला, दुसरा भरला, तिसरा भरत आला.

तेव्हा तुळईवरची साळुंकी बोलली. ती सात पिढ्यांची म्हातारी होती. "राणी, शापाचा दुसरा भाग मला पाठ आहे."

"सांग."

"'ज्या दिवशी मुकुट या फरशीवर रांगेल, त्या दिवशी शाप सुटेल.' बखर लिहिणाऱ्याने तेवढे गाळले. राजाला राग येईल म्हणून."

राणी राजाकडे वळली. राजाचा चेहरा उतरला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे पाय सगळ्या राज्याने पाहावेत? राणी, दुसरे काहीही माग."

राणीला राग आला आणि दयाही आली. ती म्हणाली, "मग मी मोती वेचते. एकूण एक." दिवस मावळेतो तिने वेचले. एकच राहिला. तो सिंहासनाच्या पायाशी, राजाच्या शालीच्या झालरीखाली दडला होता. तिथे हात घालायला ती राजाच्या भिडेने थांबली. घर सुरक्षित करताना भीड ठेवू नये. पण राणी झाली तरी माणूसच ती.

चौथ्या दिवशी दरबार भरला. महाद्वाराच्या उंबऱ्यावर राणी जाऊन बसली. समोर राजगुरू दोर घेऊन उभा. अंतःपुराच्या दारात दासीने इंदुलेखेला खाली सोडले.

इंदुलेखा निघाली. भिंतीआड चूल फुरफुरली. तिने ढुंकून पाहिले नाही. ताटीपाशी थांबून तिने वेळू हलवून पाहिला, हलेना, तशी पुढे सरकली. दरबार ओलांडू लागली. राणीने हात पसरले. आणि मधेच राजकन्येला सिंहासनाच्या पायऱ्यांवरून खाली लोंबणारी जरीची झालर चमकताना दिसली.

तिने वळून झालर ओढली. खालून मोती सुटला, तीन पायऱ्या टपटप उतरला आणि तिच्या पुढ्यात थांबला. तिने तो उचलला आणि तोंडात टाकला.

दरबारातला एक आवाज बंद झाला, बाळाच्या हुंकाराचा. तिचे ओठ निळे पडू लागले. राणी उठून धावली, पण उंबरा पन्नास हात दूर होता.

"डोली आणा!" राजगुरू ओरडला. भोई डोलीकडे पळाले.

राजा डोलीसाठी थांबला नाही. शाल तिथेच राहिली. त्याने स्वतःला सिंहासनावरून खाली लोटले. एक पायरी कोपरावर, दुसरी गुडघ्यावर, तिसरी जशी पडेल तशी. मग हातागुडघ्यांवर, मुकुट कानावर कललेला, आणि ते बारीक पाय मागे ओढत तो लेकीपाशी पोचला.

"पालथी धरा!" राणी धावता धावता ओरडली. "डोके खाली! पाठीवर थापा द्या!"

राजाने लेक हातावर पालथी घेतली. एक थाप. दुसरी. तिसऱ्या थापेला मोती फरशीवर पडला, आणि पडताक्षणी ज्वारीचा दाणा झाला. इंदुलेखेने असा टाहो फोडला की तुळया दणाणल्या. त्याहून गोड आवाज त्या वाड्यात कधी ऐकू आला नव्हता. राजा फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडला.

राजगुरू धावत आला. "महाराज, उठा. लोक आपले पाय पाहताहेत."

"पाहू देत," राजा म्हणाला.

तोवर इंदुलेखा त्याच्या मांडीवरून सुळकन उतरली आणि पुन्हा उंबऱ्याच्या दिशेने निघाली. ती पुढे, राजा मागे, दोघे रांगत, आणि त्यांच्यामागे राणी, हसत आणि डोळे पुसत. बापलेकीने उंबरा एकदम ओलांडला. रांजणांतले मोती कुरकुरले आणि त्यांची तीन रांजण ज्वारी झाली. पहिला दाणा साळुंकीने टिपला. तिचा मान होता.

त्या वर्षी बापलेक भिंत धरून एकत्रच उभे राहायला शिकले. लेक जरा लवकर शिकली. रेशमी दोरावर धुणे वाळू लागले, आणि ओवाळायची वेळ आली की मोत्यांऐवजी भाकरीचा तुकडा, तोही दाराबाहेर, कावळ्यांसाठी.

तेव्हापासून त्या राज्यात जो गादीवर बसतो, तो आधी मुकुट घालून सिंहासनापासून उंबऱ्यापर्यंत रांगतो. इंदुलेखा राणी झाली, तेव्हा तीही रांगली. अर्ध्या वाटेत तिला खांबाच्या बुडाशी एक सुई सापडली. सगळा दरबार ताटकळत उभा होता. तिने सुई उचलून पदराला टोचली, आणखी काही राहिले नाही ना, ते नीट पाहून घेतले, आणि मगच राज्य हाती घेतले.