उंबराखालची डोण

जनावरं आपला न्यायनिवाडा आपणच करायची, तेव्हाची ही गोष्ट. एका गोठ्यामागे उंबराचं मोठं झाड होतं. सावलीत पाणी गार राहतं म्हणून गुरांच्या पाण्याची डोण त्याच्या बुंध्याशीच ठेवलेली असे. वर फांद्यांना वटवाघळं लटकायची आणि पिकलेली उंबरं खायची.

एकदा गुरांना ताप आला. दूध आटलं, वासरं माना टाकून पडली. मोरी म्हैस चवताळली. "ही रोगराई वरूनच येते. उंबर पाडा, म्हणजे वाघळांची पीडा टळेल!"

सगळ्यांना वाटलं, आता वाघळं कानांवर हात ठेवणार. पण त्यांच्यातली म्हातारी लोंबी म्हणाली, "आमच्याकडून आली असेलही, मोरीबाई. आम्हाला काही होत नाही, म्हणून कळत नाही. पण आमची शीट आणि उष्टी उंबरं पडतात कुठे, ते तरी बघा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. डोणीत चोथा तरंगत होता.

मोरीने शिंगं लावून डोण उपडी केली आणि ढकलत ढकलत पार विहिरीपाशी, उघड्यावर नेली. तिथलं पाणी कोमट लागे, पण स्वच्छ असे.

हळूहळू ताप उतरला. वासरं पुन्हा आचळांना ढुशा देऊ लागली, तेव्हा मोरीचा जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्यात ती उंबराखाली रवंथ करत बसली होती. एक चघळलेलं उंबर तिच्या पाठीवर पडलं. लोंबी ओशाळून म्हणाली, "चुकून पडलं हो, बाई."

"पडू दे," डोळे न उघडता मोरी म्हणाली, "पाठीने कोण पाणी पितं?"