पाथरझरीचा सांडवा

तलावांच्या मुलखात, झाडीपट्टीत, पाथरझरी नावाचे गाव आहे. एके वर्षी चातुर्मासासाठी श्री भिवगीर महाराज तिथे येऊन राहिले. गावचे जमीनदार, मालगुजार यादोराव यांनी वाड्यातली माडी झाडून ठेवली होती; पण महाराजांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली कांबळे टाकले आणि ते तिथेच राहिले. रोज सकाळी त्यांना भाकर पोचवायची ती पारबताबाई कापगते.

पारबताबाई त्या तलावाची पाणकरीण. कोणाच्या धानाला पाणी कधी सोडायचे ते पाहण्याचे काम सासऱ्याकडून नवऱ्याकडे आणि तो गेल्यावर तिच्याकडे आले होते. हा तलाव काही आपोआप साचलेला नव्हे. तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीतल्या तिच्या पूर्वजांनी म्हणे चार पावसाळे नुसते टेकडीवर बसून काढले. पाणी कुठून धावते, कुठे थबकते ते पाहिले, मग पाळ घातली आणि तिच्या एका टोकाला सांडवा ठेवला. सांडवा म्हणजे जास्तीचे पाणी निघून जायची दगडी उतरण. तिच्यापुढची नाल्यापर्यंतची पट्टी कोणी कधी नांगरली नव्हती. दर आखाडीला, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, पाणकर अनवाणी ती चालून जाई, वाटेतले झुडूप उपटी आणि सांडव्यावर नारळ फोडी.

अठरा वर्षे सांडवा वाहिला नाही आणि यादोरावांच्या डोळ्यांत ती मोकळी पट्टी सलू लागली. त्यांनी पहिला दगड स्वतःच्या हाताने बसवून, पूजा घालून, सांडवा चुन्यात बुजवला. वर माती दाबली आणि पट्टीत ऊस लावला.

पारबताबाईने चावडीवर त्यांना अडवले. "मालक, हे पडीत नाई. ही पान्याची जागा आहे."

"पाण्याच्या नावाचा पट्टा आहे का तुझ्याजवळ? असेल तर दाखव!" यादोराव म्हणाले आणि सगळी चावडी हसली. वर तिचे पाणकरपणही त्यांनी काढून घेतले. काय म्हणावे या लोकांना! ज्यांची धाने तिने भर उन्हात पायपीट करून वाचवली, तेच दात काढत होते!

ती महाराजांपाशी येऊन रडली. "महाराज, माह्यं काम गेलं त्याचं काई नाई. पन उद्या पानी आलं, तर जाईल कुठं?"

"येईल त्या दिवशी मी इथेच असेन," एवढेच महाराज म्हणाले.

भाद्रपदात पाणी आले. तीन दिवस आभाळ फाटल्यासारखे कोसळले आणि तिसऱ्या दुपारी तलाव पाळीच्या काठाला लागला. यादोराव दहा गडी आणि कुदळी घेऊन धावत आले. पारबताबाईला वाटले, आता तरी सांडवा उघडतील. पण ते पाळीच्या मध्यावर थांबले. तिथे खाली धिवरांची, मासे धरणाऱ्यांची, तीस घरे होती.

"इथे फोडा," यादोराव म्हणाले. "माझा नवा ऊस उभा आहे तिकडे. झोपड्या काय, पुन्हा बांधता येतील."

पारबताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याच जागी पाळीवर आडवी पडली. "पयले माह्या अंगावर घाला कुदळ! उसासाठी लेकरंबाळं बुडवता? लाज नाई वाटत, मालक?"

"उचला हिला! आणि बोलाव तुझ्या गोसाव्याला, तो पितो का तलाव ते पाहू!"

महाराज आधीच तिथे उभे होते. एरवी ज्यांचा आवाज कधी चढला नाही, त्यांचे डोळे लाल झाले होते. "यादोराव, डोंगर देवाने केला, उतार देवाने केला. पण पाणी इथे थांबले, ते माणसांनी त्याला जायला जागा देऊ असा शब्द दिला म्हणून. तो शब्द तू मोडलास आणि त्याची शिक्षा या गरिबांना देतोस?" मग ते पारबताबाईकडे वळले. "ऊठ बाई. सांडवा उघड. तोवर पाणी माझ्याजवळ थांबेल."

त्यांनी आपला चिमटा पाळीत रोवला आणि काय सांगावे! पाणी काठाच्या वर चढले, एक बोट, चार बोटे, वीतभर. पण उतू जाता जाता थबकलेल्या दुधासारखे उभेच राहिले. खालच्या वस्तीवर एक थेंब सांडला नाही. त्या उभ्या पाण्यात घोट्याच्या वर मासे फिरताना गड्यांनी पाहिले आणि त्यांच्या हातांतल्या कुदळी गळून पडल्या.

पारबताबाई धावली. पण सांडवा सापडेना! सगळीकडे ऊस, सगळीकडे सारखी माती. गडी कोणी इथे म्हणे, कोणी तिथे. तिने महाराजांचे नाव घेतले, डोळे मिटले आणि दर आखाडीला चालायची तशी चालू लागली. एका जागी तळव्यांना ओळखीचा उतार लागला.

"इथं खना!"

चावडीवर हसलेलेच लोक आता हाताने माती उपसत होते. दगड निघत गेले, पण तळाचा एक काही केल्या हलेना.

"ज्याने बसवला त्यानेच काढावा," पाळीवरून महाराज म्हणाले.

यादोरावांनी खाली पाहिले. धिवरांच्या बाया छपरांवर चढून, पोरांना पोटाशी धरून वर बघत होत्या. मालगुजार चिखलात उतरले. दोन्ही हातांनी दगडाला भिडले, नखे फुटली आणि दगड सुटला. पाणी धो धो करीत निघाले, उभा ऊस आडवा करीत थेट नाल्याला मिळाले. पाळीवरचे पाणी हळूहळू खाली बसले.

यादोराव धावत येऊन महाराजांच्या पायांवर कोसळू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले! "हे पाय नुसते उभे होते. पाण्याची जागा ज्या पायांना कळली ते तिकडे आहेत."

साऱ्या गावादेखत मालगुजारांनी पारबताबाईच्या चिखलाच्या पायांवर डोके ठेवले. "बाई, चुकलो. तुझं पाणकरपण तुझंच आहे."

पारबताबाईचा राग उतरला नव्हता. "माह्यं काय, मालक! मले तुमी नुसतं हासले. खाली जा. ज्यायले बुडवाले निघाले होते, त्यायच्या पाया पडा."

यादोरावांनी महाराजांकडे पाहिले. मग ज्या वस्तीत मालगुजारांचे पाऊल कधी पडले नव्हते, तिथे ते पायातले जोडे काढून उतरले आणि तीसही उंबऱ्यांवर एकेक करून त्यांनी माथा टेकला. शेवटचा उंबरा होईपर्यंत महाराज पाळीवर उभे होते.