व्यंकप्पा मास्तरांचं रिकामं पोतं

सोलापुरात शिवलिंगशेठांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता. चिंध्यांना बरा भाव येतो असं कळताच शेठनी फर्मान काढलं, "ज्याच्या टेबलाच्या चिंध्या जास्त भरतील, त्याला खंडेनवमीला शर्टपीस!"

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली आणि पोती काट्यावर चढली. कापड बेतणाऱ्या म्हाताऱ्या व्यंकप्पा मास्तरांचं पोतं जेमतेम पाव भरलेलं.

"मास्तर, एवढंच? हात थकले तुमचे. आता घरी बसा," शेठ सगळ्यांदेखत म्हणाले.

चाळीस वर्षं ज्या टेबलाशी उभे राहिले, त्यावरून हात फिरवत मास्तरांनी तयार गणवेशांच्या गठ्ठ्यातला एक चिमुकला शर्ट उचलला.

"शेठ, हा खिसा, ही कॉलरची आतली पट्टी, या माझ्या चिंध्या. इतरांच्या मागच्या दारानं भंगारात जातात, किलोच्या भावानं. माझ्या पुढच्या दारानं शाळेत जातात, शर्टाच्या भावानं."

शेठ खाली बघू लागले. मग त्यांनी शर्टपीस मास्तरांच्या हातात ठेवला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

मास्तरांनी सवयीनं वितीनं पन्हा मोजला. "शेठ," ते हळूच म्हणाले, "यात माझा शर्ट बसवून तुमच्या नातवाचं झबलंही निघेल."