साळू आणि हरवलेला वारा

एकदा काय झालं, वारा हरवला.

हसू नका. आधी पाय पांघरुणात घ्या आणि मग ऐका. संध्याकाळी वारा होता, सकाळी उठून बघतात तर नाही. पिंपळाचं पान हलेना. पिंपळाचं, बरं का! कुणी नुसता उसासा टाकला तरी जे पान सळसळतं, ते भिंतीवर चितारल्यासारखं गप्प.

गावाचं नाव आंबेदरी. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे हे एवढंसं गाव. सुगीचे दिवस होते. ज्वारीची मळणी झालेली, खळ्यावर दाणे आणि भुसा यांचा एकच ढीग. आता उपणायचं. उपणायचं म्हणजे काय, ठाऊक आहे ना? उंच तिवईवर उभं राहायचं, भरलेलं सूप डोक्याच्या वर धरायचं आणि धान्य हळूहळू खाली सोडायचं. मग वारा भुसा उडवून नेतो आणि दाणा सरळ पायाशी पडतो. पण वाराच नाही म्हटल्यावर? दाणाही खाली, भुसाही खाली. सगळ्या गावाची वर्षाची भाकरी त्या ढिगात अडकून बसली.

आणि चुलीचा धूर! तो घराबाहेर जाईचना. छपराखाली लोंबकळत राहायचा. तान्ही लेकरं खोकून खोकून बेजार झाली.

त्या गावात साळू नावाची एक मुलगी होती. तिला आईबाप नव्हते, मामामामीकडे राहायची. साळू अडखळत बोलायची. एक शब्द बाहेर यायचा तर त्याचं पहिलं अक्षर दहादा ओठांच्या उंबऱ्याशी यायचं आणि परत आत पळायचं. लोकांना कुठला एवढा दम! ते तिचं बोलणं आपणच पुरं करायचे आणि चालू लागायचे. साळू म्हणायची, "पा… पा…" की मामी पाण्याचा तांब्या तिच्या हातात द्यायची. खरं तर तिला विचारायचं असायचं, पाल आढ्यावरून उलटी चालते, ती पडत कशी नाही? पण पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. असे सगळे प्रश्न तिच्या पोटातच राहिले. पोटभर प्रश्न!

मामीचं नाव बायजा. बायजामामी वाईट नव्हती हं. पण "राहू दे गं साळू, तुझ्यानं नाही व्हायचं" हे तिच्या जिभेला अगदी चिकटलं होतं. रोज ऐकून ऐकून साळूलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

मग काय झालं, गावानं वाऱ्याला शोधायला माणसं धाडली. आधी गेला पैलवान. तो अंगभर काटे घेऊन परत आला. मग गेला पाटलाचा घोडेस्वार. त्याचा घोडा कड्यापाशी अडला, तो हटेचना. मग गेला भगत. तो वेशीपर्यंत गेला आणि "आज मुहूर्त नाही" म्हणत जेवायला घरी आला.

इकडे साळू मामीच्या छकुलीला घेऊन ओढ्याकाठी बसली होती. घरात धूर, म्हणून बाहेर. छकुली खोकत होती. तिला रमवायला साळूनं सावरीचं एक बोंड फोडलं आणि त्यातला मऊ कापूस तळहातावर ठेवला. तर तो कापूस सरकला! किंचितच. मुंगीनं ढकलावा तसा. साळूनं तो पुन्हा मधे ठेवला. पुन्हा सरकला, पुन्हा त्याच बाजूला. अगं बाई! म्हणजे उगवतीच्या डोंगराकडून काहीतरी येतंय!

साळू धावत पारावर गेली. "सा… सावरीचा का… का…"

"सावरीचा कावळा!" कुणीतरी म्हणालं. सगळा पार खोखो हसला.

साळूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती घरी आली, कोपऱ्यात बसली. पण मुठीत कापूस होता ना! तिला लाज टोचत होती, पण तिच्यापेक्षा तो प्रश्न जास्त टोचत होता. कुठून येतंय ते? काय असेल तिथं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फडक्यात भाकरी बांधली.

"कुठं निघालीस?" मामी म्हणाली. "डोंगरावर? अगं, पैलवानाचं झालं नाही. तुझ्यानं काय होणार?"

"ब… बघून तरी ये… येते," साळू म्हणाली. आणि मामीनं पुढचं काही बोलायच्या आत निघालीसुद्धा.

चालायची, थांबायची, तळहातावर कापूस धरायची. तो ज्या बाजूनं ढकलला जाईल, त्या बाजूला पुन्हा चालायची. असं करता करता करवंदीची जाळी लागली. अशी दाट, की आत ऊन शिरेना. जाळीच्या तोंडाशी बसलं होतं एक म्हातारं साळिंदर. पाठीवर हे लांब लांब काटे. पैलवानाला यानंच पळवलं होतं.

"कोण आहेस गं?" साळिंदर गुरगुरलं.

"सा… साळ… साळ…"

"साळिंदर!" ते एकदम खूश झालं. "आपल्यातलीच की! मग तुझे काटे कुठं गेले?"

आता बघा हं. गप्प राहिली असती तर फुकटात वाट मिळत होती. आणि आजवर कुणी तिचा शब्द चुकीचा पुरा केला, की ती गप्पच राहायची. पण या वेळी तिनं मान हलवली. "ना… नाही. सा… ळू. मी साळू."

साळिंदरानं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग खुळखुळ काटे वाजवत हसलं. "खरं बोललीस ते बरं केलंस. आत गेल्यावर वास घेतला असता ना, तर भोकं पाडली असती तुला. ये माझ्या मागून, वाकून ये." आणि त्यानं तिला जाळीखालच्या आपल्या वाटेनं पलीकडे नेऊन सोडलं.

पलीकडे उभा कडा. कड्याखाली दगडावर एक घार बसली होती, पंख पाडून.

"काय बघतेस?" घार खेकसली. "वाऱ्याशिवाय आम्हाला एवढं उंच चढता येत नाही. वर घरट्यात पिल्लं आहेत माझी. मला वाट ठाऊक आहे, पण पाय चालत नाहीत. तुला पाय आहेत, पण वाट ठाऊक नाही."

साळूनं काय केलं? डोक्यावर गवताची चुंबळ ठेवली आणि तिच्यावर घारीला बसवलं. चढायला लागली. हाताला धरायला खोबण, पायाला टेकायला कपार. एकदा घसरली, गुडघा फुटला. पुन्हा चढली. पुन्हा घसरली, कोपर सोललं, भाकरी खाली गेली. साळू तिथंच बसली. डोळ्यांत पाणी आलं. मामी म्हणते तेच खरं, असं तिला वाटलं.

"रडतेस काय? खाली बघ," घार म्हणाली.

साळूनं खाली बघितलं. बाप रे! जाळी तर मुठीएवढी दिसत होती. एवढं वर कोण चढलं होतं? तीच! दुसरं कुणीच नाही. तिनं डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा चढायला लागली. या खेपेला घाई केली नाही. एक हात, मग थांबायचं. एक पाय, मग थांबायचं. आणि पोचली की वर! घार पिल्लांच्या तोंडाला तोंड लावून आली आणि परत साळूच्या खांद्यावर बसली. तिलाही बघायचं होतंच ना, वारा कुठं गेला ते.

माथ्यावर एक गुहा होती. साळूनं तळहात पुढे केला. कापूस टुणकन उडाला! साळू आत गेली.

आत काय असेल, सांगा बरं? आत वारा बसला होता. केवढा थोरला! राखाडी लोकरीच्या ढिगासारखा. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. केसांत पाचोळा, पिसं, कुणाची तरी वाळत घातलेली टोपी. श्वास रोखून धरला होता त्यानं. नाकातून जेवढा निसटत होता, तेवढाच साळूच्या कापसापर्यंत पोचत होता.

"जा इथून," वारा पुटपुटला. "श्वास सोडला तर उडून जाशील."

"तू इ… इथं का ब… ब…"

घारीनं शब्द पुरा करायला चोच उघडली. "थांब," वारा तिला म्हणाला. "तिला बोलू दे."

मुलांनो, साळूला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. "ब… बसलास?" तिनं आपलं आपणच पुरं केलं.

मग वाऱ्यानं सांगितलं. एका संध्याकाळी तो रोजच्यासारखा धावत सुटला आणि ओढ्याकाठचा सुगरणीचा खोपा तुटला. पिल्लं पाण्यात पडली. सुगरण ओरडली, "तुझ्या हातून कधी काही भलं झालंय का?" आणि वाऱ्याला ते खरंच वाटलं. तेव्हापासून तो इथं. "माझ्यानं नुसतं मोडतं," तो म्हणाला. "मी बाहेर न पडलेलंच बरं."

साळू त्याच्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "मा… माझी भाकरी फाटते. रो… रोज फाटते. म… म्हणून काही मी था… थापायची सोडली नाही." आणि मग तिनं त्याला गावातलं सगळं सांगितलं. खळं, धूर, छकुलीचा खोकला. वेळ लागला, पण वाऱ्यानं एक अक्षर तोडलं नाही.

"पण मला हळू येता येत नाही गं," वारा म्हणाला.

"शी… शीक."

"कोण शिकवणार?"

साळू म्हणाली, "मी."

बोलून गेली खरी, आणि स्वतःच दचकली! पण मग तिनं कापूस तळहातावर ठेवला. "आ… आता सोड श्वास."

वाऱ्यानं फूः केलं. घार कोलांट्या खात गुहेबाहेर! साळू भिंतीला आपटली. उठली. "पु… पुन्हा." वाऱ्यानं पुन्हा फूः केलं. घार नुसतीच डगमगली, पण चिडून काय काय बोलली, ते मी सांगत नाही. मग साळू म्हणाली, "मी बो… बोलते ना, तसं कर. थो… थोडं सोड. थांब. म… मग पुन्हा थोडं." वाऱ्यानं थोडा श्वास सोडला. थांबला. पुन्हा थोडा सोडला. आणि कापूस तरंगला! हलके हलके वर गेला, फिरला आणि साळूच्या केसांवर येऊन बसला. वारा इतका आनंदला, की हसायचंच विसरला.

मग साळू डोंगर उतरली आणि मागून वारा. गाईमागं वासरू येतं ना, तसा. वर घार आपली पंख पसरून गोल गोल फिरत होती. वारा गावात शिरला तो थेट घराघरांत, आणि धूर निघाला छपरातून बाहेर. खळ्यावर मामा तिवईवर चढला, त्यानं सूप उंचावलं. भुसा गेला दूर उडून आणि मोत्यासारख्या दाण्यांचा पाऊस पडला. छकुली मोकळा श्वास घेऊन झोपी गेली.

बायजामामीनं साळूचा फुटलेला गुडघा बघितला, त्यावर हळद दाबली. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तिचीच जीभ अडखळली. शेवटी म्हणाली, "कसं गं केलंस, साळू? सांग ना."

सगळं गाव खळ्यावर बसलं. साळूनं सांगायला सुरुवात केली. तशीच, अडखळत. सांगता सांगता दिवस मावळला, भाकऱ्या गार झाल्या. पण मधे कुणी बोललं नाही. कुणी उठलं नाही.

पुढे साळू मोठी झाली. कधी उपणायचं, घराचं दार कुठल्या अंगाला ठेवायचं, हे विचारायला लांबलांबच्या गावांतून माणसं तिच्याकडे यायची. तिचं उत्तर सावकाश यायचं, पण ऐकून घेतलं तर वाया जायचं नाही. पालीचं कोडंही तिनं सोडवलं म्हणतात. ते मला नाही ठाऊक, उद्या तुम्हीच आढ्याकडे बघा.

साळू नांदली, मामामामी नांदले, सुगरणीनं नवा खोपा विणला. आता खिडकीतून वारा येतोय बघा, थोडा येतो, थांबतो, पुन्हा येतो. त्याला येऊ द्या आणि तुम्ही डोळे मिटा. झोपा आता, माझ्या सोन्यांनो.