सातव्या आसरेचं बोंडलं

एका राज्यात एक तळं होतं. तळ्यातून आलेलं एक भांडं परत गेलं नाही, इथपर्यंत माझी खात्री आहे. पण ते भांडं पळी होतं की बोंडलं, म्हणजे तान्ह्याला दूध पाजायचं चोचीचं भांडं, हे नीट आठवत नाही. पुष्कळ वर्षं मी पळीच सांगत आलो. आज बोंडलं म्हणतो. चुकलं तर दोष माझा.

त्या तळ्यात साती आसरा राहत, पाण्यातल्या सात बहिणी. घरात कार्य निघालं की काठावर हळदकुंकू वाहायचं, लागतील ती भांडी सांगायची. सकाळी ती पायरीवर मांडलेली असत. कार्य उरकलं की परत ठेवायची. एकदा राजवाड्यात राजपुत्राचं बारसं झालं आणि त्यातलं एक भांडं परत गेलं नाही. पायरी कायमची रिकामी झाली. भांडी घासून नेण्याचं काम गोमाजी तांबटाचं होतं. राजाने त्याचे दोन्ही अंगठे तोडले. तेव्हापासून दर शिमग्याला लोक तांबट आळीत राख फेकत, आणि बायका जात्यावर गोमाजीच्या चोरीच्या ओव्या गात.

तो राजपुत्र केतुमान पुढे राजा झाला. त्याला कन्या झाली. ती दूध ओढीना. दोन दिवस गेले, वैद्य थकले. तेव्हा पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "आसरांचं भांडं कुणीतरी अडवलं आहे. उद्या दिवस मावळायच्या आत ते पाण्यात गेलं नाही, तर मूल जाईल. तीन दारं ठोठाव."

राजाने पहिलं दार ठोठावलं ते गोमाजीचं.

म्हातारा म्हणाला, "या महाराज. थोरल्या महाराजांनी जमीन चार हात खणली होती. आपण पाच हात खणा."

राजाने पाच हात खणली. खाली मुरूम लागला.

दुसरं दार डोंगरातल्या मांत्रिकाचं. राज्यात हरवलेली प्रत्येक वस्तू आपोआप त्याच्या गुहेत येई. राजाने नथी पाहिल्या, तलवारी पाहिल्या, स्वतःचा लहानपणीचा भोवरा पाहिला. बोंडलं नव्हतं.

मांत्रिक म्हणाला, "ते हरवलेलंच नाही. ठेवलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं. तिसरं दार कोणतं, असं राजाने विचारलं. साळुंकीने मान वळवली ती राजमातेच्या देवघराकडे.

राजमाता सोनाई उठली. देवांच्या मागून तिने रुपेरी बोंडलं काढलं. त्याच्या चोचीवर दोन बारीक खाचा होत्या.

"तुझे पहिले दात," ती म्हणाली. "मला दूध नव्हतं. तू याशिवाय कशालाच तोंड लावत नव्हतास."

राजाने विचारलं, "गोमाजीचे अंगठे तोडले, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"सज्जात. तुला पाजत होते."

बोंडलं घेऊन सोनाई भरल्या तांबट आळीतून तळ्याकडे चालत निघाली. वाटेत प्रत्येक दारापुढे थांबून आपण काय केलं ते सांगत गेली. लोक ऐकत उभे राहिले. तळ्यातून सातव्या आसरेचा हात वर आला आणि बोंडलं घेऊन खाली गेला. त्याच घटकेला वाड्यात मूल दूध प्यायलं. सकाळी पायरीवर भांडी होती. गोमाजीचे अंगठे मात्र आसरांकडेही नव्हते. त्या शिमग्याला राख उडाली नाही. राजमातेने तांबट आळी झाडली, आणि पुढे ती रीतच पडली.

म्हातारपणी मी एका आडगावच्या तळ्यावर गेलो होतो. काठाला आसरांच्या सात शिळा आहेत. चष्मा पुसून दोनदा पाहिलं. सातवीच्या हातात पळी नाही, बोंडलंच आहे. आणि कोरणाऱ्याने त्याच्या चोचीवर दोन खाचा ठेवल्या आहेत.